ब्रिटन आणि जर्मनी : औद्योगिक उत्पादनाची तुलना

जगातील पहिल्या औद्योगिक राष्ट्राला, म्हणजे ब्रिटनला, जर्मनीने केव्हा व कितपत मागे टाकले, याचा आकड्यांच्या आधारे घेतला जाणारा शोध. त्यात मुख्यतः १८७१ मधील जर्मन एकीकरणानंतरचा काळ येतो. ‘जर्मनीने ब्रिटनला गाठले’ हे विधान सर्रास केले जाते. मात्र ते टनांत मोजायचे, दरडोई मोजायचे की दर कामगारामागे मोजायचे, यानुसार उत्तर बदलते. माप न सांगता केलेली तुलना निरुपयोगी ठरते.

पोलादाच्या बाबतीत संशयाला जागा नाही. १८९३ मध्ये जर्मनीचे पोलाद उत्पादन ब्रिटनपेक्षा अधिक झाले. १९१३ मध्ये ते सुमारे १ कोटी ७५ लाख टन होते, तर ब्रिटनचे सुमारे ७८ लाख टन. या झेपेमागचा शोध मात्र ब्रिटिश होता. वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद बनवणाऱ्या बेसेमर भट्टीत फॉस्फरसयुक्त खनिजापासून बनवलेले पोलाद ठिसूळ निघे, त्यामुळे फ्रान्स-जर्मनी सीमेवरील लॉरेन प्रांतातले असे विपुल खनिज पोलादासाठी फारसे उपयोगी नव्हते. लंडनच्या न्यायालयात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट टॉमस याने संध्याकाळच्या वर्गांत रसायनशास्त्र शिकून यावर उपाय काढला. वेल्समध्ये लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ असलेला त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याने प्रयोगांत साथ दिली. भट्टीला आतून डोलोमाइटच्या विटांचे अस्तर दिले आणि चुना घातला, की फॉस्फरस धातुमळीत उतरतो. ही मळी दळून खत म्हणूनही विकली जाई. १८७९ मध्ये मिडल्सबरो येथे पद्धत यशस्वी होताच जर्मन कारखानदारांनी तिचे हक्क मिळवले. लॉरेनचा मोठा खनिजपट्टा फ्रान्सवरील १८७१ च्या विजयानंतर जर्मनीच्याच ताब्यात होता.

रंगांचेही तसेच झाले. पहिला यशस्वी कृत्रिम रंग विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये लंडनमध्ये बनवला, पण उद्योग फोफावला तो ऱ्हाइन आणि माइन नद्यांच्या काठी. लुडविग्जहाफेनच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारमधील निळीची शेती मोडकळीस आली.

याउलट सुती कापड आणि जहाजबांधणी यांत ब्रिटन पहिल्या महायुद्धापर्यंत निर्विवाद पुढे होता. १९१३ मध्ये जगात पाण्यात उतरलेल्या व्यापारी जहाजांच्या टनभारापैकी निम्म्याहून अधिक ब्रिटिश होता. मुंबईच्या गिरण्यांतील कताईची यंत्रेही बव्हंशी लँकेशरमधून येत.

सर्व उद्योग एकत्र धरले तर आर्थिक इतिहासकार पॉल बैरॉख यांचे अंदाज सहसा वापरले जातात. त्यांच्यानुसार १८८० मध्ये जगाच्या कारखानी उत्पादनात ब्रिटनचा वाटा २२.९ टक्के व जर्मनीचा ८.५ टक्के होता. १९१३ मध्ये ते अनुक्रमे १३.६ व १४.८ टक्के झाले. एवढ्यावरून निकाल देणे घाईचे होईल, कारण जर्मनीची लोकसंख्या ब्रिटनच्या जवळजवळ दीडपट होती. दरडोई पाहता, १९०० मधील ब्रिटनला १०० मानल्यास, १९१३ मध्ये ब्रिटन ११५ वर आणि जर्मनी ८५ वर होता.

मोजमापाच्या अडचणी बारीक दिसतात, पण निष्कर्ष फिरवू शकतात. ब्रिटिश जुना टन सुमारे १,०१६ किलोग्रॅमचा, तर जर्मन टन १,००० किलोग्रॅमचा. जर्मन कोळशाच्या बेरजेत हलक्या प्रतीचा लिग्नाइट मिसळला तर आकडा फुगतो. जर्मन जकात संघातील शेजारी देश लक्झेंबर्ग धरले तर जर्मन पोलादही वाढते. निर्देशांकांबाबत सर्वांत जास्त गफलत होते. दोन्ही देशांसाठी १९१३ = १०० धरले की त्या वर्षी दोघे सारखेच दिसतात; निर्देशांक वाढीचा वेग सांगतो, उत्पादनाचा आकार नव्हे. आकारासाठी उत्पादनगणना, म्हणजे कारखान्यांच्या प्रत्यक्ष उत्पादनाची सरकारी मोजणी, लागते. ती ब्रिटनने प्रथम १९०७ साली केली. जर्मनीची सविस्तर औद्योगिक गणना १९३६ ची असल्याने आकारांची जुळणी बहुधा तिथूनच सुरू होते. त्या सुमारास दर कामगारामागचे कारखानी उत्पादन दोन्हीकडे जवळपास सारखे आढळते.

देशाची हद्दही स्थिर नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर लॉरेन गेले, दुसऱ्यानंतर देशच दुभंगला. म्हणून १९४९ ते १९९० साठी पश्चिम जर्मनीशी तुलना करतात. १९५० मध्ये ब्रिटनने पश्चिम जर्मनीपेक्षा अधिक पोलाद ओतले. दशकाच्या मध्याला चित्र पालटले. मोटारींत १९५६ मध्ये पश्चिम जर्मनी पुढे गेली. युद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीतून, म्हणजे मार्शल योजनेतून, ब्रिटनला जर्मनीपेक्षा जास्त मदत मिळाली होती, हे इथे विसरता कामा नये. केवळ परकीय पैशाने ही भरारी समजावता येत नाही. कारखान्यात काम करता करता शिकवणाऱ्या जर्मन उमेदवारी पद्धतीला त्यात मोठा वाटा दिला पाहिजे.

आर्थिक इतिहासकार स्टीफन ब्रॉडबेरी यांच्या हिशेबाने १९७९ मध्ये पश्चिम जर्मन कारखान्यांची श्रम-उत्पादकता (दर कामगारामागचे उत्पादन) ब्रिटनपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक होती. पुढच्या दहा वर्षांत ही दरी बरीचशी बुजली. पण याच काळात ईशान्य इंग्लंडमधील कॉन्सेट गावच्या पोलाद कारखान्यासारखे जुने कारखाने ब्रिटनमध्ये बंद पडत होते. कामगार घटले की उरलेल्यांमागचे उत्पादन वाढते. ज्या गावांची भट्टी विझली त्यांचा हिशेब या आकड्यात येत नाही. आज जर्मनीच्या राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा साधारण पाचवा हिस्सा आहे, ब्रिटनमध्ये तो दहा टक्क्यांच्या आत आहे.