दम परत येतो, हाड मागे राहतं

मॅरेथॉनची तयारी ऐन भरात असताना एखादा मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा दुखापत आडवी आली, की धावणारा माणूस पहिल्यांदा म्हणतो, ‘सगळी मेहनत पाण्यात गेली.’ पुन्हा धावायला लागल्यावर महिन्याभरातच तो म्हणतो, ‘आता मी अगदी पहिल्यासारखा झालो.’ ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. त्यातलं दुसरं जास्त धोक्याचं आहे, कारण पुढची दुखापत बहुधा त्याच्यामागूनच येते.

आधी पहिलं वाक्य घेऊ. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तेवढ्यात चतुर्थांशाहून थोडी जास्तच घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीन दशकांच्या वयानेही त्यांची क्षमता तेवढी खाली आणलेली नव्हती. ही गोष्ट वाचून लोक घाबरतात, पण तिचा उत्तरार्ध सांगायचा राहून जातो. अंथरुणातून उठल्यावर सुमारे दोन महिने व्यायाम केला, तेव्हा त्या तरुणांनी गमावलेलं सगळं परत मिळवलं होतं.

याचं कारण असं, की सुरुवातीला जे जातं त्यात रक्तातल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. पडून राहिलं की काही दिवसांतच रक्तद्रव कमी होतो. मग हृदय दर ठोक्याला कमी भरतं, कमी रक्त बाहेर टाकतं आणि तेवढ्याच वेगासाठी नाडी जास्त पळते. पुन्हा धावू लागलं की हा द्रव लवकर भरून येतो. स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या कणिका, काही आठवड्यांत वाढतात. त्यामुळे दम भराभर सुधारतो आणि घड्याळात दिसणारा पेस, म्हणजे धावण्याचा वेगही. घड्याळाला हाड मात्र दिसत नाही.

हाड म्हणजे निर्जीव खांब, अशी आपली समजूत असते. खरं तर ते आयुष्यभर स्वतःला खणत आणि बांधत असतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट बल जमिनीकडून पायावर येतं. त्यात पोटरीच्या स्नायूंची ओढ मिळते आणि नडगीचं हाड अगदी किंचित, हजारात एखाद्या भागाएवढं, दबतं आणि वाकतं. हाडाच्या आत सूक्ष्म नलिकांचं जाळं असतं आणि त्यात द्रव भरलेला असतो. हाड वाकलं की तो द्रव इकडून तिकडे सरकतो. त्या जाळ्यात बसलेल्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशींना हा प्रवाह जाणवतो. भार कुठे आला, किती आला, सूक्ष्म तडा कुठे गेला, ही सगळी खबर त्याच देतात. मला शरीरातलं हे सर्वांत सुंदर यंत्र वाटतं. इथे दाब मोजला जातो तो पाण्याच्या हालचालीवरून!

खबर मिळाली की दुरुस्ती सुरू होते, आणि खरी गोम इथेच आहे. रस्ता नवा करायचा तर आधी जुना उखडावा लागतो, तसंच हाडाचं आहे. आधी ऑस्टिओक्लास्ट पेशी येतात आणि आम्ल व विकरं सोडून तडा गेलेला भाग विरघळवून टाकतात. हे खणकाम दोन-तीन आठवडे चालतं. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या पोकळीत कोलॅजेन या प्रथिनाचे थर रचतात, त्याला तीन-चार महिने लागतात. रचलेल्या थरांत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक भरून ते पुरेसे टणक व्हायला आणखी काही महिने जातात. खणायला आठवडे आणि भरायला महिने, त्यामुळे सराव वाढवल्यावर मध्यंतरी काही काळ हाड आधीपेक्षाही कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात दम परत आलेला असतो, मन खुशीत असतं आणि लाँग रनचं अंतर वाढवलं जातं. खड्डे भरण्याआधी नवे तडे पडत गेले, की ते जुळून स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. पायाच्या पंज्याचं असं दुखणं प्रशियाच्या सैनिकांत 1855 मध्येच नोंदलं गेलं होतं, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षं आधी.

आजारपणानंतर लागोपाठ दुसरी दुखापत झाली, की काही जण ग्रहांना बोल लावतात, तर काही जण चुंबकाचं कडं घालतात. ग्रहांचा यात काही संबंध नाही, आणि कडं घातल्याने ऑस्टिओब्लास्टचं काम एका दिवसानेही लवकर संपत नाही. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, की हाडाच्या पेशी थोड्याशा ठोक्यांनंतरच बधिर होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. म्हणून एका दमात लांब धावण्यापेक्षा तेच अंतर तुकड्यांत वाटणं हाडासाठी शहाणपणाचं ठरतं. दम राखायचा तर सायकल आहे, पोहणं आहे; त्यात हृदयाला काम मिळतं आणि नडगीला आदळआपट होत नाही.

पोटभर खाणंही तितकंच महत्त्वाचं. ऊर्जा कमी पडली की शरीर हाडबांधणीत काटकसर करतं. धावणाऱ्या स्त्रीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर तो कसून सराव केल्याचा पुरावा समजू नये. त्यामागे बहुधा इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलेलं असतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की खणकाम वाढतं. डॉक्टरांकडे जायचं ते तेव्हाच.

तापात मात्र धावायचंच नाही. विषाणूमुळे कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि त्यात जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. बरं झाल्यावर छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

राहता राहिली नडगी. स्नायूचं दुखणं पसरट असतं आणि शरीर तापलं की बरेचदा सैल होतं. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं, धावत राहिलं तर वाढतं आणि पुढे पुढे रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर दिसते. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला आणि त्या बोटभर जागी दाबल्यावर दुखतंच आहे, तर धावणं थांबवून डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारावं.