यकृत प्रत्यारोपणातील वांशिक व लिंगभेदजन्य विषमता

यकृत प्रत्यारोपणाची सारखीच निकड असलेल्या रुग्णांना वंश, समाजगट किंवा लिंग यांमुळे ते मिळण्याची संधी कमीअधिक असणे. या विषमतेचा सर्वांत तपशीलवार अभ्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. तेथे १९८४ च्या कायद्यान्वये अवयववाटपाची देशव्यापी यंत्रणा उभी राहिली आणि प्रतीक्षायादीतील प्रत्येक रुग्णाची नोंद तीत राहते.

पूर्वी मृत दात्याचे यकृत देताना यादीत काढलेल्या काळाला बरेच महत्त्व होते. ज्याचे नाव लवकर लागे, त्याचा नंबर लवकर येई. कृष्णवर्णीय रुग्ण मात्र यादीत येत तेच प्रकृती अधिक खालावल्यावर. फेब्रुवारी २००२ पासून यकृताचा आजार किती गंभीर आहे हे दाखवणारा ‘मेल्ड’ गुणांक लागू झाला. बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचे माप) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारे द्रव्य) या तीन रक्ततपासण्यांवरून ६ ते ४० गुण काढायचे व जास्त गुणवाल्यास आधी यकृत द्यायचे, अशी ही रीत. गुणांकाचा उगम वाटपासाठी झालेला नव्हता. यकृतातून रक्तासाठी कृत्रिम वाट काढण्याच्या ‘टिप्स’ प्रक्रियेनंतर रुग्ण किती जगेल, याचा अंदाज बांधण्यासाठी २००० च्या सुमारास २३१ रुग्णांवरून तो बेतला गेला.

नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेनुसार मेल्डनंतर यादीतील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय यांच्यातील तफावत जवळजवळ मिटली, पण स्त्रियांची वाढली: नोंदणीनंतर तीन वर्षांत ४८.७% पुरुषांना यकृत मिळाले, स्त्रियांपैकी ३९.९ टक्क्यांनाच.

याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार दोष क्रिएटिनिनचा. हे द्रव्य स्नायूंतून येते. स्त्रियांचे स्नायू तुलनेने कमी, म्हणून मूत्रपिंड तितकेच बिघडलेले असूनही आकडा कमी दिसतो. समवयस्क पुरुषाचे क्रिएटिनिन १.८ असेल, तर मूत्रपिंडाचे कार्य तेवढेच असलेल्या स्त्रीचे १.४ च्या आसपास भरते. मूळ सूत्रात एवढ्यानेच सुमारे २.४ गुण जातात. दुसरे मत उंचीवर भर देते: ठेंगण्या बांध्याच्या रुग्णाच्या पोटात मोठे यकृत मावत नाही, आणि देऊ केलेले यकृत पुढच्या नावाकडे जाते. यकृताच्या कर्करोगासाठी मिळणारे जादा गुणही पुरुषांच्याच वाट्याला अधिक येतात, कारण तो रोग त्यांच्यात जास्त आढळतो. ही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत. तरी उंचीचे कारण अधिक वजनदार वाटते, कारण गुण सुधारूनही ते उरते. जुलै २०२३ मध्ये अमलात आलेल्या मेल्ड ३.० मध्ये स्त्रियांना १.३३ गुण वाढवून दिले आहेत, अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे रक्तातील प्रथिन) धरले आहे, आणि क्रिएटिनिनची कमाल मर्यादा ४ वरून ३ वर आणली आहे. उंचीला त्यात स्थान नाही.

लॅटिन अमेरिकी वंशाच्या रुग्णांची यकृत मिळण्यातील तफावत काही अंशी भूगोलाशी निगडित मानली जाते. त्यांची वस्ती मोठी असलेल्या कॅलिफोर्नियासारख्या, यादीत गर्दी असलेल्या भागांत नंबर लागायला अधिक गुण लागत. फेब्रुवारी २०२० पासून वाटपाच्या जुन्या प्रादेशिक हद्दींऐवजी दात्याच्या रुग्णालयापासूनच्या अंतराची वर्तुळे धरली जातात.

मेल्डमुळे समता आली हे म्हणणे यादीपुरतेच खरे आहे. त्याआधीचे टप्पे (निदान, तज्ज्ञाकडे चिठ्ठी, विमा, प्रत्यारोपण केंद्रातील तपासणी) कोणत्याही गुणांकात येत नाहीत. जलोदराने पोट फुगलेला जो रुग्ण गावच्या दवाखान्यातून पाणी काढून घरी परततो आणि तज्ज्ञापर्यंत पोचतच नाही, त्याचा मृत्यू प्रतीक्षायादीवरील मृत्यू म्हणून मोजला जात नाही. अन्यायाचा मोठा भाग इथेच घडतो.

भारतात बहुतेक यकृते जिवंत नातलगांकडून येतात. देणाऱ्यांत बायका, आया, मुली अधिक. घेणाऱ्यांत पुरुष अधिक. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातलगांना दानाची मुभा आहे. मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समित्या पाहतात. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संस्था ‘नोटो’ने मृत दात्यांच्या अवयववाटपात प्रतीक्षेतील स्त्रियांना प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली.