फॉक, पीटर

पीटर फॉक (१६ सप्टेंबर १९२७ – २३ जून २०११) हे अमेरिकन रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील अभिनेते. ‘कोलंबो’ या मालिकेतील चुरगळलेल्या रेनकोटातल्या पोलीस लेफ्टनंटच्या भूमिकेने ते जगभर घरोघरी पोहोचले. या भूमिकेच्या प्रकाशात त्यांचे चित्रपटांतील काम मात्र काहीसे मागे पडले.

त्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला आणि बालपण हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग गावात गेले. वयाच्या तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे त्यांचा उजवा डोळा काढावा लागला व त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने चुकीचे बाद दिले, तेव्हा हा डोळा काढून त्याच्या हातात ठेवल्याची आठवण ते नेहमी सांगत. व्यापारी जहाजावर आचाऱ्याचे काम केल्यानंतर त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि १९५३ साली सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे हार्टफर्ड येथे कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात ते नोकरीला लागले. नाटकाची हौस सुटत नव्हती, म्हणून ते नोकरी सांभाळून ज्येष्ठ अभिनेत्री ईव्हा ल गॅलिएन यांच्या वर्गाला जात. नेहमी उशीर का होतो, या बाईंच्या प्रश्नावर हार्टफर्डहून यावे लागते आणि आपण व्यावसायिक नट नाही, हे त्यांना कबूल करावे लागले. मग व्हायला हवे, असे बाई म्हणाल्या आणि फॉक यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

१९५६ साली न्यूयॉर्कमध्ये नाटककार यूजीन ओनील यांच्या ‘द आइसमन कमेथ’च्या गाजलेल्या पुनर्निर्मितीत त्यांनी मद्यालयातील नोकराची भूमिका केली. हॉलिवूडची वाट सोपी नव्हती; तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळतो, असे सांगून कोलंबिया स्टुडिओचे प्रमुख हॅरी कोन यांनी त्यांना परत पाठवले होते. त्यानंतर काही वर्षांतच ‘मर्डर, इन्क.’ (१९६०) मधील थंड डोक्याचा मारेकरी आणि फ्रँक काप्रा यांच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’ (१९६१) मधील गुंड या भूमिकांसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करची लागोपाठ दोन नामांकने मिळाली. १९६२ साली एका दूरचित्रवाणी नाट्यातील ट्रकचालकाच्या भूमिकेला एमी पुरस्कार मिळाला.

कोलंबो हे पात्र रिचर्ड लेव्हिन्सन व विल्यम लिंक या लेखकांचे. फॉक यांच्याआधी ते बर्ट फ्रीड यांनी दूरचित्रवाणीवर आणि टॉमस मिचेल यांनी रंगमंचावर साकारले होते. फॉक १९६८च्या दूरचित्रवाणीपटात या भूमिकेत प्रथम दिसले आणि सप्टेंबर १९७१ मध्ये एनबीसी वाहिनीवर नियमित मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग तरुण स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केला होता. खून कोणी आणि कसा केला हे येथे प्रेक्षकाला आरंभीच दिसते, त्यामुळे सगळी उत्कंठा गुन्हेगार सापडतो कसा याकडे वळते आणि तिचा भार नटावर येतो. तो भार फॉक यांनी बारकाव्यांवर पेलला. रेनकोट त्यांच्या स्वतःच्या कपाटातला होता. खिळखिळी पेजो मोटार त्यांनीच स्टुडिओच्या आवारातून निवडली होती. लॉस एंजेलिसच्या आलिशान बंगल्यात लेफ्टनंट खिसे चाचपत पेन्सिल शोधतो, बायकोचे कौतुक सांगतो, निरोप घेऊन दारापर्यंत जातो. यजमान सुटकेचा श्वास टाकतो तोच तो कपाळाला हात लावून मागे वळतो आणि आणखी एकच गोष्ट विचारायची राहिली म्हणतो. फॉक हे सारे इतक्या मनापासून करत, की खुन्याप्रमाणे प्रेक्षकही क्षणभर फसतो, आणि या भूमिकेचे मोठेपण मला तिथेच दिसते. एनबीसीवर १९७८ पर्यंत आणि एबीसीवर १९८९ ते २००३ या काळात मिळून एकूण ६९ भाग झाले. या भूमिकेने त्यांना चार एमी मिळवून दिल्या.

सत्तरच्या दशकात ते दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीस यांच्यासोबत अगदी वेगळ्या जातीचे काम करत होते. ‘हजबंड्स’ (१९७०) नंतर ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (१९७४) या चित्रपटासाठी फॉक यांनी स्वतःचे पैसेही घातले. त्यात ते मनाचा तोल ढळत चाललेल्या स्त्रीचा नवरा, बांधकामावरचा मुकादम निक झाले आहेत. रात्रपाळी संपवून तो सगळ्या कामगारांना घरी आणतो, बायको (जीना रोलंड्स) सर्वांना स्पॅगेटी वाढते, हसतेखेळते. तिचे लाघव जरा वाढताच निक भर पंगतीत तिच्यावर ओरडतो आणि टेबलावर शांतता पसरते. प्रेम आणि लोकलाज यांच्या ओढाताणीत सापडलेला हा पुरुष फॉक यांनी कुठेही सौम्य केला नाही. हे काम त्यांच्या साऱ्या चित्रपटांत श्रेष्ठ मानावे लागेल.

‘द इन-लॉज’ (१९७९) मध्ये त्यांचे विनोदाचे अंग खुलले; ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७) मधील नातवाला गोष्ट वाचून दाखवणारे आजोबा पुढच्या पिढीला जवळचे वाटले. २००६ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले होते.

फॉक चित्रकारही होते. विम वेंडर्स यांच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ (१९८७) मध्ये ते स्वतःच्याच नावाने, एकेकाळी देवदूत असलेल्या नटाच्या रूपात येतात. बर्लिनच्या थंडीत कॉफीच्या टपरीपाशी उभे राहून, न दिसणाऱ्या देवदूताला ते माणूस असण्याची सुखे सांगतात: गारठलेले हात एकमेकांवर चोळणे, आणि कागदावर आधी एक गडद रेघ, मग एक फिकी रेघ ओढणे.