फुली-गोळा, पण दोन लॅपटॉपवर

फुली-गोळा संगणकाला नवा नाही. १९५२ साली केंब्रिजमध्ये ए. एस. डग्लस यांनी तो एडसॅक या सुरुवातीच्या संगणकावर चालवला. चाल द्यायची ती टेलिफोनची डायल फिरवून. घरं नऊ, जिंकायच्या ओळी आठ. एवढा कोड विद्यार्थी एका बैठकीत उरकतो. दुसरा भिडू दुसऱ्या लॅपटॉपवर बसला की मात्र खरी कसोटी लागते.

आधी ठरवायचं, पट सांभाळणार कोण? माझ्या मते सर्व्हरच, म्हणजे दोन्ही भिडू ज्याला जोडले जातात तो मधला प्रोग्रॅम. भिडूचा प्रोग्रॅम फक्त ‘मला पाचवं घर हवं’ एवढंच म्हणतो. पाळी त्याचीच आहे ना, घर रिकामं आहे ना, हे सर्व्हर तपासतो आणि मगच दोघांना कळवतो. भिडूच्या हातातला कोड भिडू बदलू शकतो, तेव्हा त्याच्या शब्दावर जायचं नाही.

पुढचा घोळ टीसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून माहितीची ने-आण ज्या नियमांनी होते त्यांचा. जोडणी टिकून आहे तोवर बाइट क्रमाने पोचवायची हमी टीसीपी देतं. पण एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सर्व्हरने ‘चाल ५’ आणि लगोलग ‘तुझी पाळी’ पाठवलं, तर पलीकडे ‘चाल ५तुझी पाळी’ असं सलग येऊ शकतं, नाहीतर तुकड्यातुकड्यांनी. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत ‘च’ला तीन बाइट लागतात, म्हणजे अक्षरसुद्धा मधोमध तुटू शकतं! १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, हे सहसा दिसत नाही; वायफायवर दाखवायला गेलं की दिसतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक निरोपाच्या शेवटी नवी ओळ टाकायची. आलेले बाइट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवायचे, पूर्ण झालेली ओळ कापून घ्यायची, उरलेलं तसंच ठेवायचं. बाइटची अक्षरं करायची ती ओळ पूर्ण झाल्यावरच. नव्या ओळीचा बाइट, म्हणजे १०, देवनागरी अक्षराच्या पोटात कधीच येत नाही, त्यामुळे कापायला धोका नाही.

समोरच्याने प्रोग्रॅम बंद केला तर वाचताना शून्य बाइट मिळतात, लगेच कळतं. वायफायच गेलं तर काहीच येत नाही. भिडू विचार करतोय की गायब झालाय, कळायला मार्ग नाही. लिनक्समधली कीपअलाइव्हची, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे तपासायची, सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि तीही मूळ सेटिंगवर ७२०० सेकंद थांबून मग चौकशी करते. म्हणून दर काही सेकंदांनी आपणच पिंग, म्हणजे ‘आहेस ना?’ असा छोटा निरोप, पाठवायचा. उत्तर आलं नाही तर डाव लगेच दुसऱ्याला देऊ नये. पट सर्व्हरकडे आहेच, परत यायला अर्धा मिनिट द्यावा.