मासे निवांत असले, तरी पाण्यात वीज असू शकते

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या घरी तीन फुटी फिशटँक आहे. गेल्या पावसाळ्यात पाणी बदलण्यासाठी ओल्या लादीवर अनवाणी उभी राहून मी टाकीत हात घातला, तेव्हा अंगठ्याच्या नखापाशी असलेल्या बारीक चिरेत मुंगी डसल्यासारखे झाले. फिल्टरच्या मोटरची पिन काढताच ते थांबले आणि पुन्हा लावताच सुरू झाले. (अशी खात्री करून घेणे हा निव्वळ वेडेपणा होता, हे नंतर कळले.) गप्पी मात्र या सगळ्या काळात नेहमीसारखे दाण्यांसाठी वर येत होते.

माशांना काहीच न होण्याचे कारण सोपे आहे. विद्युतप्रवाह वाहण्यासाठी दोन ठिकाणच्या विद्युतदाबात फरक असावा लागतो. टाकी काचेची, स्टँड कोरड्या लाकडाचे. त्यामुळे मोटरमधून झिरपलेल्या विजेला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही आणि सारे पाणी जवळपास एकाच दाबावर राहते. तारेवर बसलेल्या कावळ्याला धक्का बसत नाही, तसाच हा प्रकार. ती वाट आपण हात बुडवून करून देतो, आणि भिजलेल्या लादीवरचे अनवाणी पाय ती पूर्ण करतात. मला जाणवलेला प्रवाह बहुधा एखाद्या मिलीअँपिअरच्या आसपासचा असावा. दहा मिलीअँपिअरच्या पुढेमागे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि त्याच्या काही पटींत हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या शरीराचा रोध सुमारे 1,000 ओहम धरला, तर 230 व्होल्टची उघडी तार शरीरातून 230 मिलीअँपिअर प्रवाह ढकलू शकते.

पाण्यात बुडवायच्या मोटरची रचना खरे तर हुशारीची असते. तारेची गुंडाळी इपॉक्सीत पूर्ण बंद केलेली असते आणि चुंबक बसवलेला फिरता भाग तेवढा पाण्यात असतो; म्हणजे पाणी आत शिरेल असा फिरत्या दांड्याचा सांधाच ठेवलेला नसतो. पण वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन इपॉक्सीला केसासारख्या भेगा पडतात, किंवा केबल जिथे आत शिरते तिथले रबर कडक होऊन तडकते. हीटरचे दुखणे वेगळे. पाणी उपसताना तो चालूच राहिला, तर उघडी पडलेली नळी तापते आणि वरून गार पाणी ओतताच काच फुटते. म्हणून हीटर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबूनच पाण्याला हात लावावा.

आमच्या जुन्या इमारतीतल्या बोर्डावर फक्त एमसीबी (तारांतून फार मोठा प्रवाह गेला की वीज तोडणारा खटका) होती. ती 16 अँपिअरची, म्हणजे 16,000 मिलीअँपिअरची. माणसाच्या जिवावर उठणारा प्रवाह तिच्या गणतीतही येत नाही. ते काम आरसीसीबीचे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत तोलत असते आणि फरक 30 मिलीअँपिअर झाला, की 0.3 सेकंदांच्या आत पुरवठा तोडते. तिच्यावरचे 'टेस्ट' लिहिलेले बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र एखाद्या मिलीअँपिअरच्या गळतीची दखल तीही घेत नाही, आणि काचेच्या टाकीत गळती मोठी असली तरी बाहेर जायला वाट नसल्याने हात बुडेपर्यंत ती ट्रिप होत नाही. यावर उपाय म्हणून काही जण पाण्यात टायटॅनियमची अर्थिंग कांडी सोडतात. सोबत आरसीसीबी असेल तर ते उत्तमच, कारण मग मोठी गळती होताच वीज जाते. पण आरसीसीबीशिवाय नुसती कांडी सोडली, तर गळती कुणालाही न कळता वाहत राहते आणि आता तिच्या वाटेत मासेही येतात.

पिन काढून नीट पाहिली, तेव्हा पितळेवर क्षारांचा पांढरा थर साचलेला दिसला. केबलवरून ओघळणारे पाणी थेंबाथेंबाने टाकीखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात उतरत होते. आता बोर्ड भिंतीवर वर आहे आणि प्रत्येक केबल सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबवून मग वर नेली आहे, म्हणजे ओघळ त्या झोळीच्या तळाशीच गळून पडतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला आहे, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात उतरते.

मोटर बदलली, बोर्डावर आरसीसीबी बसवून घेतली, तरी हात घालण्यापूर्वी सगळ्या पिना काढायच्याच. मासे गुदमरतील म्हणून कुणी मोटर चालू ठेवत असेल, तर गर्दी नसलेल्या टाकीत अर्धा तास फिल्टर बंद राहिल्याने माशांना काहीही होत नाही.