गिंझामधील कैसेकी भोजन

कैसेकी हे ऋतूप्रमाणे बेत बदलणारे, एकेक पदार्थ क्रमाने वाढले जाणारे जपानी भोजन. उच्चार एकच असला, तरी हा शब्द दोन प्रकारे लिहितात. एक चहाविधीपूर्वीचे साधे जेवण. त्यात भात आणि सूप सुरुवातीलाच येतात. दुसरे साके या तांदळाच्या मद्याबरोबरची मेजवानी. तिच्यात भात शेवटी येतो. उपाहारगृहांत बहुधा दुसरा प्रकार मिळतो, मग पाटीवर अक्षरे कोणतीही असोत.

गिंझा हा तोक्योच्या चुओ विभागातला उंची दुकानांचा भाग. १६१२ मध्ये येथे चांदीची टांकसाळ आली, तिच्यावरून हे नाव पडले. कैसेकीची घरे मुख्य रस्त्यावर क्वचितच दिसतात. ती गल्ल्यांमधल्या अरुंद इमारतींत, वरच्या मजल्यांवर किंवा तळघरात असतात. पत्त्यात चोमे म्हणजे भागाचा क्रमांक (१ ते ८, उत्तरेकडून दक्षिणेकडे), गट आणि इमारतीचा क्रमांक असतो; पण इमारतीचे नाव आणि मजला टिपून न घेतल्यास माणूस दारात उभा राहूनही चुकतो. जपानी पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, हेही लक्षात ठेवावे.

जागा मोजक्या असल्याने आधी आरक्षण लागते. दुपारचा बेत सहसा आटोपशीर आणि स्वस्त असतो. रविवारी बरीच घरे बंद असतात. ऐनवेळी रद्द केल्यास अनेक ठिकाणी पूर्ण रक्कम आकारतात, कारण मासळी आणि भाज्या नेमक्या माणसांपुरत्याच आणलेल्या असतात. अत्तर लावून जाऊ नये. शेजाऱ्याच्या वाडग्यातला वास त्याने मरतो. बक्षिसी देत नाहीत.

शाकाहारी माणसाची खरी अडचण मासळीच्या तुकड्यात नसून दाशीत असते. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचा हा अर्क सूपात, शिजवलेल्या भाजीत, कधी तोफूवरच्या रसातही असतो. म्हणून नुसते ‘मांस नको’ म्हणणे पुरत नाही. ‘माशाची दाशीही नको’ असे आरक्षणाच्या वेळीच सांगावे. जागेवर बसल्यावर सांगून बेत बदलता येत नाही. बौद्ध मठांतली शोजिन पद्धत कोम्बू आणि शिताके अळंबीच्या दाशीवर चालते, तीत कांदा-लसूणही नसतो. मात्र कंदमुळे असतात, हे जैनांनी ध्यानात घ्यावे.

क्रम साधारणपणे असा: लहानसा आरंभपदार्थ, झाकणाचे सूप, साशिमी (कच्च्या मासळीचे काप), भाजलेले, शिजवलेले. हास्सुन हा ऋतूची ओळख देणारा थाळा कुठे आधी, कुठे मध्ये येतो. नावाचा अर्थ आठ सुन, म्हणजे सुमारे २४ सेंटीमीटर, हे मूळ तबकाचे माप. आचाऱ्याचा हात कळतो तो सूपात. लाखेच्या वाडग्याचे झाकण वाफेने घट्ट बसते. ओढू नये, डाव्या हाताने कडा हलकेच दाबाव्यात, म्हणजे हवा शिरून ते सुटते आणि युझू या लिंबासारख्या फळाच्या सालीचा वास वर येतो. खाऊन झाल्यावर झाकण होते तसेच सुलटे ठेवावे, उलटे ठेवल्यास लाखेवर ओरखडे उठतात.

भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सूप आणि लोणची आली की साके थांबते. काही ठिकाणी मातीच्या भांड्यात उरलेल्या भाताचे मुटके बांधून देतात. मग फळ, आणि चहा.