सड्यावर पाऊस पडला की

मे महिन्यात रत्नागिरीहून राजापूरकडे जाताना गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "इथे काय बघायचं, नुसता कातळ!" चूक नाही त्यांची. काळपट तांबूस दगडाचं सपाट मैदान, झाड नाही की सावली नाही, दुपारी अनवाणी पाय टेकवायची सोय नाही. सातबाऱ्यावरही अशी जमीन पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून जाते. त्यामुळे कोकणात आलेला पाहुणा सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, ओलांडतो तो समुद्र गाठण्यासाठीच. मला विचाराल तर समुद्र दुसरीकडेही भेटेल, सड्यासाठी मात्र इथे यावं, आणि तेही जुलै ते सप्टेंबर या दिवसांत, सकाळी लवकर.

हा दगड म्हणजे जांभा. त्याचा पूर्वज काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यानंतर लाखो वर्षं एकच उद्योग चालला: चार महिने धो धो पाऊस, मग कडकडीत ऊन. पावसाच्या पाण्याने दगडातली सिलिका, चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन नेलं. मागे राहिली ती विरघळायला नाखूश अशी लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं. जांभ्याचा तांबडा-पिवळा रंग या लोखंडाच्या गंजाचा, आणि त्याच्या अंगावरची भोकं म्हणजे निघून गेलेल्या मालाची रिकामी जागा.

फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या अंगाडिपुरमला लोक हा दगड खाणीतून मऊ असतानाच कापून काढतात आणि हवेत ठेवला की तो विटेसारखा टणक होतो, हे पाहिलं. 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने दगडाला लॅटरा‍इट म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपल्याकडच्या चिरेखाणीत काम करणाऱ्याला हे कुणी सांगायला नको. दगडातला ओलावा सुकला की लोखंडाची संयुगं घट्ट स्फटिकरूप धरतात, आणि पुन्हा कितीही भिजवलं तरी तो दगड मऊ होत नाही. कोकणातलं घर, विहीर, गडगा (दगडी कुंपण), पाखाडी (दगडी पायवाट), सगळं या एका गुणावर उभं आहे.

पण जे धुऊन गेलं त्यात झाडांचं जेवणही गेलं. सड्यावर माती असते ती खळग्यांत, बोटभर, आणि तिच्यात नायट्रोजन, फॉस्फरस जवळजवळ नाहीच. इथे मोठं झाड टिकत नाही, म्हणून छोट्यांचं राज्य. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. मग गेंदाची पांढरी बटणं, आणि पाणथळ खळग्यांत निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा. नाव इतकं हळवं, धंदा मात्र शिकाऱ्याचा. या रोपाला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या पसरलेल्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला आत खेचून घेते, दाराशी केस असतात, आणि त्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढलं जातं. हे सारं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांवर किडे धरून बसलेली असते. मातीत नायट्रोजन मिळत नाही, म्हणून किड्यांतून मिळवायचा.

याच दिवसांत सड्याच्या कडेला तेरडा फुलतो आणि गौर होऊन घरात येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण गौरीच्या मुक्कामाला अगदी मापात बसते.

आता पायाखाली बघा. काही सड्यांवर जुन्या माणसांनी कातळातच चित्रं कोरली आहेत, त्यांना कातळशिल्पं म्हणतात. काशेळीच्या सड्यावर असा एक हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब. त्याच्या बाह्यरेषेच्या आत मासे आणि कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. उक्षीला आणखी एक हत्ती, बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस. जमिनीवर इतकी मोठी चित्रं कोरणाऱ्याला ती उभ्याने पूर्ण दिसलीच नसतील, तरी प्रमाण सहसा चुकत नाही. मला या सगळ्यात याचं नवल सर्वांत जास्त वाटतं. हा सपाट, कोरता येईल असा दगड नसता तर ही कला अशी आडवी पसरली नसती. गावातली जुनी माणसं "पांडवांनी काढली" म्हणून सांगत. 2022 मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

या चित्रांचं वय ठरवणं अवघड, कारण कोरलेल्या रेषेत कोळसा किंवा हाड असं काही मोजण्याजोगं राहत नाही. काही चित्रांत एकशिंगी गेंडा दिसतो, जो आज कोकणात नाही. तो ऐकीव असेल असं पटकन म्हणू नये: गुजरातमधल्या लांघणज या अश्मयुगीन वस्तीच्या उत्खननात गेंड्याचं खांद्याचं हाड मिळालं आहे, म्हणजे पश्चिम भारतातल्या शिकारी माणसाला हा प्राणी जवळून ठाऊक होता.

ही चित्रं आणि ती फुलं, दोन्हींना धोका त्या 'पोटखराब' शब्दापासून आहे. चिरेखाण आली की चित्र चिऱ्यांत कापून जातं. हापूससाठी कातळात सुरुंग लावून खड्डे काढतात. आंबा मीही आवडीने खातो, त्यामुळे यावर फार आवाज चढवून बोलता येत नाही.

जाणार असाल तर गावातला वाटाड्या सोबत घ्या. फुलांवरून चालू नका, आणि दगड उचलायच्या आधी ऐका. फुरसं हा साप अंगाचे खवले एकमेकांवर घासतो, करवतीसारखा आवाज येतो. रत्नागिरीच्या कातळावर ते मुबलक आहे, आणि विषारीही. चित्र पाहायला तिरपं ऊन हवं; डोक्यावर सूर्य आला की रेषा दगडात मिसळून जातात.

राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे गावच्या सड्यावर आडवा पडलेला एक माणूस कोरलेला आहे. तिथे गेलात तर खिशात साधं होकायंत्र असू द्या. चित्रापाशी काटा उत्तर सोडून भलतीकडे वळतो. जांभ्यात लोखंड आहेच, आणि वीज पडली की असा दगड चुंबकासारखा होऊ शकतो. पण कोरणाऱ्याने ही जागा का निवडली असेल? त्याच्याकडे होकायंत्र नव्हतं. वाटाडे मात्र हसत काटा फिरवून दाखवतात.